अण्णांना त्यांचे काम परत द्या

प्रश्न : आमचे मालक ७१ वर्षांचे आहेत. औसा तालुक्यात आमची सहा एकर शेती आहे. दोन वर्षांपूर्वी पाडव्याला त्यांनी सगळा कारभार मुलाच्या हाती दिला. मुलगा गुणाचा आहे, सूनही जीव लावते. ‘अण्णा, लई केलंत, आता बसून खा,’ असे दोघेही म्हणतात. बैल विकले, ट्रॅक्टर आला. तेव्हापासून हे दिवसभर ओसरीवर बसून असतात. आधी एकादशीला भजनात पखवाज वाजवायचे, तेही सोडले. काही विचारले तर ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणतात, कधी दोनदा हाक मारली तरी ओ देत नाहीत. भाकरी नको म्हणतात, चहात खारी बुडवून खातात. रात्री तीन-चारदा लघवीला उठतात. मध्यंतरी पहाटे अंगणात तोल जाऊन पडले, नशिबाने हाड मोडले नाही. पासबुक कुठे ठेवले ते आठवत नाही. ‘आता किती दिवस राहिलेत’ हे सारखे तोंडी असते. बीपीची गोळी चालू आहे. मुलगा म्हणतो, वयाचे आहे, चालायचेच. मला ते पटत नाही. माझे गुडघे दुखतात, पण माझे काय, माझे चालले आहे. ह्यांच्यासाठी काय करावे?
— एक वाचक भगिनी, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

मुलाचे म्हणणे तुम्हाला पटत नाही, आणि माझ्या मते तुमचेच बरोबर आहे. वयाने माणूस थकतो हे खरे. पण ६९व्या वर्षी औत हाकणारा माणूस ७१व्या वर्षी ओसरीवरून उठेनासा होतो, तेव्हा ते सगळे वयाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. तुमच्या पत्रात मला अनेक वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. त्यांतल्या बहुतेकींवर उपाय आहे. मात्र ज्या गोष्टीपासून हे सारे सुरू झाले, ती तुमच्या घरात अतिशय चांगल्या मनाने घडलेली आहे, आणि ती म्हणजे अण्णांचे काम गेले.

‘आता बसून खा’ हे आपल्याकडे मायेचे बोलणे आहे. ज्याने बापाचे कष्ट डोळ्यांनी पाहिले तोच मुलगा असे म्हणतो, त्यामुळे मुलाला किंवा सुनेला दोष देण्याचे काहीही कारण नाही. परंतु या बसण्याने शरीराचे काय होते, ते त्या दोघांनाही समजावून सांगितले पाहिजे. अंगातले स्नायू तिशी-चाळिशीनंतर हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर त्या झिजेचा वेग वाढतो. वापरच थांबला तर मात्र जी झीज व्हायला एरवी वर्षे लागली असती ती काही आठवड्यांत होते. संशोधनासाठी निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले, तेव्हा तेवढ्या दिवसांत त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस कमी झाल्याचे आढळले होते. अण्णा अंथरुणाला खिळलेले नाहीत, पण जो माणूस रोज शेतावर पायी जाऊन येत होता, वाकत होता, पोती हलवत होता, त्याच्या पायांना ओसरीवरचा दिवस जवळजवळ तसाच. खुंट्याला बांधून ठेवलेल्या बैलाचे पाय कसे धरतात, हे अण्णांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही.

यातली दिलासा देणारी बाजू अशी की, गेलेली ताकद बऱ्याच प्रमाणात परत मिळवता येते आणि त्यासाठी ७१ हे वय मुळीच जास्त नाही. बोस्टनमधील एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या व्यक्तींकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतल्याचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक झाली होती, आणि काठी वापरणाऱ्यांपैकी काही जण काठीवाचून चालू लागले होते.

मनाचे गणितही याहून फार वेगळे नाही. अण्णांचे वय पाहता ते १९७२च्या दुष्काळात ऐन तरुण असणार. त्या पिढीने खडी फोडून घरे जगवली. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट त्यांनी तुमच्याच तालुक्यात अनुभवली असणार, आणि २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तो उन्हाळाही त्यांनी शेतकरी म्हणूनच काढला असणार. अशा माणसाची घरातली किंमत त्याच्या अंगमेहनतीइतकीच त्याच्या निर्णयांत असते. पेरणीला वाफसा आला की नाही, कोणत्या तुकड्यात तूर चांगली येते, कोणता व्यापारी काट्यात मारतो, हे सारे ज्याला विचारले जायचे त्याला आज कोणी काही विचारत नाही. ‘तुमचं तुम्ही बघा’ हे त्यांचे बोलणे वरून तुटक वाटते, परंतु मला त्यात ‘मला आता कोण विचारतो’ हे ऐकू येते.

म्हणून माझे पहिले सांगणे मुलाला आहे. अण्णांना विरंगुळा म्हणून काहीतरी देऊ नका. ज्या कामाविना घराचे अडेल असे एखादे काम त्यांच्याकडे सोपवा. एक उदाहरण देतो. तुमच्याकडे सोयाबीन होत असेलच. घरचे बियाणे वापरण्याआधी त्याची उगवण तपासावी लागते: ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडून ओल टिकवायची आणि पाच-सहा दिवसांनी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे की दुसरे आणायचे, हा निर्णय घ्यायचा. या कामाला अंगातला जोर लागत नाही. नजर, हाताचा अंदाज आणि चिकाटी लागते, आणि ती ट्रॅक्टर चालवणाऱ्या तरुणापेक्षा अण्णांकडे अधिक आहे. मुलाने हे काम खरोखर त्यांच्यावर टाकावे आणि ते सांगतील तेच ऐकावे. ऐकायचे नसेल तर विचारूसुद्धा नये, कारण वरवरचे विचारणे म्हाताऱ्या माणसाला लगेच कळते आणि ते न विचारण्यापेक्षा जास्त लागते.

शक्य असेल तर याच्याही पुढे जा. सहा एकरांतला अर्धा एकर अण्णांच्या मनाचा असू द्या. तिथे रब्बीला घरापुरती ज्वारी पेरायची की हरभरा, ते त्यांनी ठरवावे, मजूर त्यांनी सांगावेत, हिशेब त्यांनी ठेवावा. रोज सकाळी त्या तुकड्यावर एक चक्कर पायी झालीच पाहिजे, असा त्यातून आपोआप नेम लागतो. फवारणीपासून मात्र त्यांना दूर ठेवा, आणि मार्च ते जून या काळात ऊन चढण्याच्या आत ते घरी परतले पाहिजेत. उतारवयात तहान लागल्याचे नीट जाणवत नाही. आपल्याकडच्या चाळिशीपार उन्हात, त्यातही लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर, अंगातले पाणी कमी होऊन चक्कर येणे किंवा ग्लानी येणे अवघड नसते. तहान लागो न लागो, तांब्या भरून सोबत द्या.

आता मला तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे वळायचे आहे, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. दोनदा हाक मारली तरी अण्णा ओ देत नाहीत, आणि त्यांनी पखवाज सोडला आहे. या दोन गोष्टी मी एकत्र वाचतो, आणि मला त्यांच्या कानांची शंका येते. पखवाज वाजवणाऱ्याला टाळाचा ठेका आणि गाणाऱ्याची सम दोन्ही नेमके ऐकू यावे लागते. ऐकू कमी येऊ लागले की हात मागे-पुढे होतो, टाळकरी वळून बघतात, आणि मानी माणूस कोणाला कारण न सांगता जाणे सोडतो. घरातही तसेच होते: चार माणसे बोलत असताना शब्द हुकतात, परत परत विचारण्याची लाज वाटते, मग माणूस बोलण्यातूनच अंग काढून घेतो आणि घरच्यांना तो तऱ्हेवाईक किंवा विसरभोळा वाटू लागतो. विसरण्याबद्दल बोलायचे तर, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत ऐकू कमी येणे, नजर अधू होऊनही उपचार न करणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, हालचालीचा अभाव आणि एकटेपणा ही सारी आहेत. ही चौदा कारणे दूर झाली तर स्मृतिभ्रंशाचे जवळपास निम्मे प्रसंग टळू शकतात किंवा लांबणीवर पडू शकतात, असे त्या मंडळाचे म्हणणे आहे.

तेव्हा आधी कान तपासून घ्या. कित्येकदा नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि डॉक्टरांनी तो काढताच माणूस पुन्हा बोलू लागतो; घरी तेल किंवा काडी घालू नका. मळ नसेल तर ऐकण्याची मोजणी होते आणि गरजेप्रमाणे श्रवणयंत्र मिळते. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला भांड्यांचा आवाजही नकोसा होतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात ते कपाटात जाऊ देऊ नका. तोवर त्यांच्याशी बोलताना समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोला. ओरडून बोलल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, फक्त भांडण झाल्यासारखे वाटते. ६५ वर्षांवरील आणि वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. एवढ्यात चांगले यंत्र येईलच असे नाही, पण तेवढा हातभार लागतो.

खाण्याचे मूळ बहुधा दातांत आहे. दाढा पडल्या की भाकरी, शेंगदाणे, फुटाणे ही सगळी अंगाला लागणारी अन्ने एकेक करून सुटतात आणि चहा-खारीवर दिवस जातो. खारीत मैदा आणि तूप-तेल याखेरीज काही नाही. स्नायू धरून ठेवायला लागणारी प्रथिने तिच्यात नावापुरती. उतारवयात दर किलो वजनामागे दिवसाला साधारण एक ग्रॅम किंवा थोडी अधिक प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७० ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कवळी बसवून घ्या, आणि ती बसेपर्यंत आपल्या स्वयंपाकात मऊ आणि सकस असे पुष्कळ आहे. भाकरी घट्ट वरणात किंवा दुधात कुस्करून द्या, सकाळी हुलग्याचे माडगे किंवा मुगाचे कढण करा, पिठले, ज्वारीच्या कण्या, भाजीत दाण्याचे कूट, वाटीभर दही, आणि चालत असेल तर उकडलेले अंडे. एकाच वेळी पोटभर जाणार नाही, म्हणून थोडे थोडे चार वेळा द्या. चहा बंद करू नका, बिचाऱ्यांचा तेवढा आनंद राहू द्या. फक्त जेवणाची वेळ चहाने मारली जाऊ नये.

पडण्याची गोष्ट मात्र मला सर्वांत जास्त काळजीची वाटते, कारण एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता अधिक असते आणि या वयात खुब्याचे हाड मोडले तर पुढचे सगळे अवघड होऊन बसते. पहाटे झोपेतून उठून एकदम उभे राहिले की रक्तदाब घसरतो, बीपीच्या गोळ्यांनी तो कधी कधी जास्त घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरांना सांगून बसलेला आणि उभा, असा दोन्ही वेळचा बीपी मोजून घ्या. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. वेळ किंवा मात्रा बदलायची तर ते डॉक्टर ठरवतील. रात्री उठताना बाजेच्या काठावर मिनिटभर बसावे, पाय हलवावेत आणि मगच उभे राहावे. अंगणात आणि मोरीत रात्रभर छोटा दिवा ठेवा, वाटेतल्या बादल्या-दोऱ्या हलवा, उंबऱ्याजवळ आणि शौचालयात धरायला मजबूत दांडी बसवून घ्या. रात्री बाहेर जाणे टळावे म्हणून खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवले तर त्यात कमीपणा काहीच नाही. वारंवार लघवी होण्यामागे प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असू शकते, साखर असू शकते, आणि दोन्हींवर औषध आहे. त्या भीतीने दिवसाचे पाणी तोडू नये, संध्याकाळनंतरचे थोडे कमी करावे. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणू नका, तिने पडण्याचा धोका वाढतो.

व्यायामाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की, ६५ वर्षांपुढील माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे दम थोडा वाढेल अशी हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. शेतावरची चक्कर पहिल्या गोष्टीत धरा. उरलेल्या दोन्हींसाठी एक भक्कम लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घेऊन तिच्यावरून उठायचे आणि सावकाश बसायचे. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल, पाच वेळा जमले तर पाच, आणि दर आठवड्याला एक-दोन वाढवायचे. मग खुर्चीची पाठ धरून टाचा वर करणे, आणि एका पायावर जमेल तितका वेळ उभे राहणे. छातीत दुखले, दम फार लागला किंवा चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. नातवंडाला मोजायला बसवा, म्हणजे नेम टिकतो. अण्णा तंबाखू मळत असतील तर ती सोडण्यासाठी याहून चांगली वेळ नाही, आणि तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर ती लगेच दाखवा.

आता मनाविषयी. म्हातारपणातले नैराश्य रडण्यातून क्वचितच दिसते. ते खाणे तुटणे, पहाटे लवकर जाग येऊन पडून राहणे, आवडीच्या गोष्टी सुटणे, अंग दुखते असे सांगत राहणे, या रूपात येते, आणि म्हणूनच घरच्यांना ते वय वाटते. हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल तर तो आजार समजून डॉक्टरांना दाखवावा. औषधाने आणि बोलण्याच्या उपचाराने तो बरा होतो, वृद्धांमध्येही होतो. ‘किती दिवस राहिलेत’ हे त्यांचे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. शांतपणे, एकटे असताना, सरळ विचारा की जीव नकोसा वाटतो का, स्वतःचे काही बरेवाईट करण्याचे मनात येते का. असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर हो असेल, किंवा उत्तर देणे ते टाळत असतील, तर घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा, त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असते, तिथे मराठीतही बोलता येते.

पासबुक सापडत नाही एवढ्यावरून स्मृतिभ्रंश म्हणता येणार नाही. ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, रक्त कमी असणे, मोतीबिंदू, कान आणि उदासी यांनीही अगदी तसेच चित्र दिसते. ब१२ची कमतरता शाकाहारी माणसांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत विशेष आढळते. म्हणून रक्तात हिमोग्लोबिन, साखर, किडनीचे काम, थायरॉईड आणि ब१२ एवढे एकदा पाहून घ्या. मात्र ओळखीच्या वाटेवर चुकणे, नेहमीचे पैशांचे व्यवहार न जमणे असे काही दिसले तर मेंदूविकार किंवा मनोविकार तज्ज्ञांना दाखवण्यात उशीर करू नका. बीपी आणि साखर तर गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रातही मोफत तपासतात; कान, दात, डोळे आणि मनोविकार हे विभाग लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एकाच आवारात आहेत. अण्णांची सत्तरी झाली आहे, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते.

ताई, अखेरीस तुमच्याविषयी. चार ओळी नवऱ्यासाठी आणि अर्धी ओळ स्वतःसाठी, असे पत्र आपल्या भागातली बहुतेक प्रत्येक बाई लिहिते, आणि मला ते वाचून दरवेळी वाईट वाटते. रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडे पुरुषांपेक्षा वेगाने ठिसूळ होतात, आणि गुडघे दुखतात म्हणून हालचाल टाळली की मांडीचे स्नायू सैल पडून गुडघ्यांवरचा भार आणखी वाढतो. वर सांगितलेला खुर्चीचा व्यायाम तुम्हीही करा. दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा, आणि चुलीपुढे किंवा भाजी निवडायला फार वेळ खाली बसू नका. मिश्री लावत असाल तर तीही सोडा. माडगे दोघांसाठी करा आणि उरलेले खाण्याऐवजी सोबत बसून खा. लातूरला जाताना एसटीत ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे आणि बायकांनाही अर्धेच आहे, तेव्हा दोघांचे जाणे एका तिकिटात होते. खिडकीवर केसपेपर काढाल तेव्हा दोन काढा, एक त्यांच्या नावाचा आणि एक तुमच्या.